भट्टीच्या उंबरठ्यावरचा नारळ

जीवनदादा,

मी तुला माफ केलं. हे वाक्य तू वाचलंच नाहीस असं समज आणि पुढे वाच.

सेकंड हँड भट्टीची पूजा जुन्या मालकानं आधीच केलेली असते. तरी मी आंघोळीला गेल्यावर तू तापलेल्या भट्टीचं दार उघडलंस आणि उंबरठा समजून दाराच्या विटेवर नारळ फोडलास. पाणी आत उडालं, प्लास्टरचा साचा तडकला. त्यातल्या मेणाच्या बुगड्या वितळून गेल्या होत्या. त्या जाणारच होत्या, त्यांच्या जागी चांदी ओतायची होती. आता मेणही नाही, साचाही नाही. तीन आठवडे कोरत बसले होते मी. वर तू म्हणतोस, "एका फटक्यात फुटला, लय शुभ झालं!"

कस्तुराकाकूंच्या पोरीचं लग्न रविवारी आहे. तिच्या बुगड्यांची माझी पहिली ऑर्डर होणार नाही, हे काकूंना सांगायला मी जिंतूरच्या एसटीनं जायलेय. तू गल्लीत प्रसाद वाट. माझ्या वाट्याचं खोबरं ठेवू नकोस.

तरी सदर नारळ पाण्यासह पूर्ववत जोडून, न फोडलेल्या अवस्थेत, रविवारच्या आत अर्जदारास परत मिळावा, ही नम्र विनंती.

सृष्टी