सेजलचा कडेचा डाव आणि माझे गाऱ्हाणे

सौ. जानकीबाई विहीणबाईंस लाटंबार्स्याहून भाग्यलक्ष्मीचा नमस्कार. सातेरीच्या कृपेने इकडे सगळी बरी आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? खोबरेल चोळा. (विकतच्या मलमात नुसता वास असतो.)

सेजल माझ्यावर रागावून केरीला तुमच्याकडे आली आहे, ते का हे तिने सांगितले असेलच. पण स्वतःच्या खेळाचे कौतुक ती करायची नाही, म्हणून मी लिहिते. गेल्या रविवारी आमच्या देवळाच्या सभागृहात बुद्धिबळाची स्पर्धा होती. समोर पेडण्याचा एक वकील. सगळे आधी राजापुढचे प्यादे सरकवतात (आमचे हे तीस वर्षे तेच सरकवून हरतात). तुमच्या लेकीने कडेकडचे, उंटापुढचे सरकवले, आणि दुसरा उंट कोपऱ्यापाशी नेऊन बसवला. मधली जागा वकिलाला मोकळी! दारात पाहुणे आणि सून कोपऱ्यात तांदूळ निवडते आहे, तशी गत. मला राहवेना. डोळे मिटून हळूच गाऱ्हाणे घातले, "गे आई सातेरी, पोरीक वाट दाखय गे..." पण गाऱ्हाणे हळू घालायची सवय कोणाला आहे? आणि बघायला आलेली सगळी देवळातलीच माणसे. गाऱ्हाण्याला साथ देतात तशी एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" वकीलसुद्धा म्हणाला. (चांगल्या घरचा आहे.) पंच धावत आले. मला बाहेर काढले, सेजलला ताकीद दिली आणि वकिलाला दोन मिनिटे वाढवून दिली.

पुढचे मी खिडकीतून पाहिले. पोरीने मान वर केली नाही हो! वकील मधे ऐसपैस पसरला, ती बाजूने टोचत राहिली, आणि वाट मोकळी होताच कोपऱ्यातला तो उंट असा सुटला की पलीकडच्या कोपऱ्यातला हत्ती घेऊनच थांबला. वकिलाने डाव सोडला आणि उठून हात मिळवला. माझे डोळे भरून आले. ती बाहेर येऊन एवढेच म्हणाली, "आई, फायनलाक तुमी येतल्यात जाल्यार हांव खेळचें ना." (मी आले तर खेळणारच नाही म्हणे!) आणि केरीची बस धरली.

व्याह्यांना नमस्कार सांगा.

आपली
भाग्यलक्ष्मी

ता.क. फायनल येत्या रविवारी मयेला आहे. तिला नक्की पाठवा. मी घरीच बसेन, सातेरीची आण. तिलाच सांगितले असते, पण माझा फोन ती उचलत नाही, म्हणून तिच्यासारखीच कडेने, तुमच्याकडून येते आहे. (कंडक्टर गोकुळदास हे पत्र फुकट पोचवतो.)

ता.क. आणखी एक. रविवारी बरोबर दहाला मी घरी देवापुढे गाऱ्हाणे घालणार आहे. तुम्ही केरीहून "व्हय म्हाराजा" तेवढे म्हणा. सेजलला कळू देऊ नका. वकीलसाहेब पेडण्याहून म्हणणार आहेत.