माझ्या नावाची डायटम

३ ऑगस्ट १९९५, नारायणगुडा

…त्या सकाळी नळ लवकर आला होता. हंडे भरले, तूरडाळ धुतली, कुकर चढवला. शाळेसाठी अनघाची एक वेणी घालून झाली तेवढ्यात हे खिडकीपाशी सूक्ष्मदर्शकावरून ओरडले, "अगं, लवकर ये." हात ओलेच. एका डोळ्याने पाहिलं. अंड्याच्या आकाराची काचेची डबी, तिच्यावर टिंबांच्या रेघा. डायटम, म्हणजे समुद्रातलं शेवाळ, एकाच पेशीचं. "ही तुझी," म्हणाले. नव्या जातीला स्वतःचं नाव द्यायचं नाही, बायकोचं चालतं, असा या शास्त्रज्ञांत रिवाज. माझ्या नावाला लॅटिन शेपूट लागलं. मी म्हटलं, "शिट्टी झाली," आणि पळाले.

आज आठवलं ते पद्मजाच्या फोनमुळे. यांची विद्यार्थिनी, आता विद्यापीठात शिकवते. "अम्मा, सर की वो स्लाइड घर पे हीच है ना? कल आती मैं."

४ ऑगस्ट

पद्मजा आली. चहा घेतला, बिस्किटाला हात लावला नाही. तिने फ्लास्कमध्ये दुसरी, आधीच नाव मिळालेली लांबट जात वाढवली. काही महिन्यांत ती आखूड होत गेली, थेट माझ्या डबीसारखी. "दोनों एक हीच है बोल के डाउट आरा, अम्मा."

तसं निघालं तर जुनं नाव राहील, माझं जाईल. नियमच आहे. ताडून बघायला, जिच्यावरून नाव दिलं ती मूळ स्लाइड हवी. माझं नाव त्या एका काचेवर उभं आहे.

"नक्को बोले तो छोड देती मैं," म्हणाली. मग हळूच, "सर छुट्टियों में हीच जाते थे ना समुंदर कू?"

हो. दिवाळीत आणि मे महिन्यात, आम्हाला घेऊनच. दिवाळीच्या बाटल्यांत लांबट, मेच्या बाटल्यांत आखूड. मधले महिने हे इथे वर्गात, समुद्रापासून इतक्या लांब. मधल्या मापाच्या कुणी पाहिल्याच नाहीत.

काच द्यायला हो म्हणून गेले. नसतं म्हटलं तर…

७ ऑगस्ट

यांचं पुस्तक, शेजारी डिक्शनरी. डायटम दुभंगते तेव्हा एकीकडे झाकण जातं, दुसरीकडे तळ. दोघीही आपल्या आत बसेल असा नवा अर्धा भाग घडवतात. म्हणून पिढ्यांमागून लहान होत जातात, स्टीलच्या डब्यांच्या सेटसारख्या. आकारही बदलतो. फार लहान झाल्या की काचेचं कवच टाकून देतात आणि पुन्हा मोठ्या होतात.

मग दोन जातींमध्ये रेघ मारायची कुठे? हा परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला. आज डाळीत मीठ नव्हतं. अनघाने वरून घेतलं.

१० ऑगस्ट

अनघा दिलसुखनगरच्या कम्प्यूटर क्लासहून आली ती चिडवतच. "मम्मी, लोकांच्या आयांची नावं बंगल्यावर, तुझं शेवाळावर. आता तेही काढतायत?" दोघी हसलो. मग म्हणाली, "नको ना देऊ. पप्पांनी दिलंय." थोड्या वेळाने, "पप्पांना कळलं असेल का गं?"

शेवटच्या आजारपणात यांनी ती काच डिपार्टमेंटमधून घरी मागवून घेतली होती. रोज खिडकीत बसून बघायचे. मला वाटायचं, माझी म्हणून बघतायत. आता वाटतं, माझी आहे का ते बघत असतील. मला काही बोलले नाहीत.

१३ ऑगस्ट

कपाट आवरलं, काच काढली, पुसली, ठेवली. परत काढली. कशात लक्ष नाही. गच्चीवर केबलवाला वायर ओढतोय, त्याचं "छोड, छोड रे" दिवसभर.

१६ ऑगस्ट

पद्मजाचा फोन नाही. ती करणार नाही, ओळखते तिला. यांच्याकडे कुणीही स्लाइड मागायचं. वाद घालणाऱ्याने मागितली तरी हे द्यायचे, कापसात बांधायची मीच. पण तेव्हा काच परत यायची, आणि नावही. आता हे नाहीत. नाव तरी असू दे, असं वाटतं. कुणासाठी, विचारलं तर सांगता येत नाही.

आजही काही ठरलं नाही.

१८ ऑगस्ट

दुसऱ्या दिवशी म्हणजे काल, काच कापसात गुंडाळून विद्यापीठात गेले आणि पद्मजाच्या हातात दिली. ताडून बघायला वेळ लागेल म्हणाली. मी तिच्या फ्लास्कमधल्या बघायला मागितल्या. हलत होत्या. काचेवरच्याच पाहिलेल्या आजवर, जिवंत कधी नाही. तिचा पुढचा वर्ग सुटेपर्यंत बघत बसले.