दुसरा नमुना

६ फेब्रुवारी
धडगावच्या बाजारात आज घसा फोडून बोलले! सिकलसेलच्या चाळीस पोरांच्या रक्तातलं जस्त आणि तांबं मोजलं, तीन महिने जस्ताच्या गोळ्या दिल्या — आता दुसरा नमुना दिला नाही तर पहिला वाया. "तेराला सकाळी या, पाण्याशिवाय पोटात काही नको!" टाळ्या पडल्या. मागून दिवाल्या ओरडला, "ताई, आमची पोरं आणतो. तुमचा पवन कुठंय?"
घाईघाईनं ओट्यावरून खाली उतरले. मी!

८ फेब्रुवारी
पवन सुरतेला, गोदामात. चाळिसांत सर्वांत कमी जस्त त्याचंच निघालं. तीन महिन्यांपूर्वी ते मी भर सभेत सांगितलं, नाव घेऊन. वाटलं, सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी — एवढी पुस्तकं वाचून हेच शिकले! दुसऱ्या दिवशी गोळ्या पिशवीत टाकून निघाला. "रक्त माझं होतं, आई. भाषण तुझं."

९ फेब्रुवारी
फोन उचलत नाही. सगळ्यांना गेलेला निरोपच त्यालाही पाठवला — तेराला, उपाशीपोटी.

११ फेब्रुवारी
रक्त घेणाऱ्या निशाला विचारलं, "एखादा नमुना उशिरा चालेल?" "एकच दिवस, ताई. चौदाला पेटी नाशिकला जाते."
मोर्चे काढले, साहेबांना उभं करून जाब विचारला. एका मुलाला 'ये' म्हणता येत नाही. चिडलेला येऊ दे, पाठ फिरवून बसू दे — पण दिसू दे.

१३ फेब्रुवारी
आला! सकाळच्या पहिल्या जीपनं. गाल बसलेले, डोळे पिवळे. चूल पेटवली. ज्वारीची भाकर, उडदाची डाळ, लसणाची चटणी. तीन भाकरी खाल्ल्या त्यानं. मी बघत बसले.
केंद्रावर निशानं विचारलं, "पोटात काही?"
"तीन भाकरी," पवन म्हणाला.
निशा शहाद्याकडची, कपाळावर हात मारून घेतला — "हाई काय करं ताई! पुरा तालुकाले सांगं, आनि घरमा?" रांगेत दिवाल्या हसता हसता खालीच बसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
"उद्या या. शेवटचं."
पवनची परतीची जीप दुपारची होती. ती गेली. तो अंगणात बसून राहिला.

१४ फेब्रुवारी
नमुना पेटीत गेला. परतताना पवन म्हणाला, "काल खायचं नव्हतं, ठाऊक होतं मला."