धाकटीला मोकळं करण्याबाबत

मी, मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा मालक, जन्माने आणि कागदोपत्री पुरुष, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करते. उजवा हात आणि उजवा पाय कामातून गेले आहेत. डोकं जागेवर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मी अडखळत सांगितलं, वकीलसाहेबांनी वाक्यं नीट लावली. क्रियापदं मात्र माझी आहेत तशीच ठेवायला लावली.

त्याचं कारण आधी सांगते, कारण थोरला मुलगा पुढे यावरूनच भांडेल. झटका आला आणि माझी वाचा गेली. धाकटी मुलगी बालवाडीत शिकवायची. ती नोकरी सोडून घरी आली आणि मला तिच्या पोरांसारखं शिकवायला बसली. "बाबा, म्हणा, मी पाणी पिते." मी म्हटलं, पिते. "मी जेवते." जेवते. दोघांच्याही लक्षात आलं नाही. दूधवाला फिसकन हसला तेव्हा कळलं. मग तिने 'पितो', 'जेवतो' घोटून घ्यायला जिवाचं रान केलं, पण जिभेवर पहिलं बसलं ते बसलं. ती ढसाढसा रडली. मी म्हटलं, "रडू नको, मी बसले आहे ना तुझ्याजवळ." ती आणखीच रडली.

थोरला फोनवर तिला म्हणाला, "बाबा स्वतःला 'मी येते' म्हणतात आणि तू त्यांच्या सह्या घेतेस?" मी ऐकत होते. झटक्याने कान गेलेले नाहीत.

कलम एक. स्कूलचा गाळा आणि वरच्या दोन खोल्या धाकटीला, एकटीला. तिने त्या विकाव्यात. आठवण म्हणून ठेवू नयेत. पलंगाला ठोकलेले दांडे, रबरी चादर आणि फिनेलचा वास, याची कसली आठवण ठेवायची?

कलम दोन. स्कूलच्या मोटारीला शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक आहे. शिकणारा घाबरला की मी तो दाबायचे. ही मोटार थोरल्याला. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात देऊन आपण बाजूला बसायचं आणि ब्रेक दाबायचा, ही त्याची जुनी हौस आहे. दर रविवारी तो धाकटीला विचारतो, "व्यायाम नीट करून घेतेस ना?" एकदा ये बाबा, आणि मला कुशीवर वळवून दाखव. मग तुझ्या पाठीची चौकशी मी करते.

कलम तीन. माझे साडू माझ्याचकडे गाडी शिकले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी पुढचा दिवा फोडला. त्याची त्यांना माफी आहे. दर भेटीत ते माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणतात, "पुढच्या वर्षी तुम्ही आम्हाला गाडीतून फिरवणार!" याची माफी नाही. त्यांना काही देत नाही.

कलम चार. बँकेतली शिल्लक सांगण्यासारखी नाही. असेल ती धाकटीची. चाकाची खुर्ची आणि वॉकर व्यायामवाल्या बाईंना द्यावेत, त्यांच्याकडे माझ्यासारखे येतच राहतात. बाई भल्या आहेत. सुरुवातीला म्हणायच्या, "काका, आपल्याला उभं राहायचंय." आता म्हणतात, "काका, हात आखडू द्यायचा नाही." हा फरक मला कळला. धाकटी तो समजून घेत नाही. अजून ती माझ्या उजव्या हातात रबरी चेंडू ठेवते आणि बोटांकडे बघत बसते. चेंडू घरंगळतो. ती उचलून पुन्हा ठेवते.

कलम पाच. पुन्हा झटका आला तर मला इस्पितळात नेऊ नये आणि त्याबद्दल धाकटीला कोणी बोल लावू नये. पण तो योग दिसत नाही. माझं हृदय ठणठणीत आहे, पुष्कळ वर्षं काढाल, असं डॉक्टर म्हणाले. चांगली बातमी म्हणून हसून म्हणाले. तीही हसली. तिच्या कानशिलावरचे केस पांढरे झालेत. बालवाडीने तिची जागा केव्हाच भरली, आणि तिच्यासाठी थांबतो म्हणणाऱ्याचंही लग्न होऊन गेलं.

कलम सहा. हा कागद लागू कधी होणार, असं मी वकीलसाहेबांना विचारलं. "तुमच्या पश्चात," ते म्हणाले. मला तर ती आत्ता सुटायला हवी आहे. बाप जिवंत असताना मुलीला त्याच्यातून सोडवणारा कागद नसतो म्हणाले. मग तोंडाने सांगायचं तेवढं उरलं, आणि तिथेच माझं नशीब फुटकं. 'जा' म्हणायला गेले की 'ये' निघतं. डॉक्टर म्हणतात, मेंदूत जवळजवळचे शब्द अदलाबदल होतात. मी रोज तिला जायला सांगते. रोज ती हातातलं टाकून येते आणि विचारते, "काय हवंय, बाबा?" दाराकडे बोट केलं तर माझी खुर्ची दारात नेऊन ठेवते, हवा खायला. मी जिवंतपणी तिच्या मानेवर बसले आहे आणि मला उतरता येत नाही. म्हणून वकीलसाहेबांनी दोन्ही शब्द मोठ्या अक्षरांत लिहिले, मी एकावर बोट ठेवलं. तोच इथे लिहावा. धाकटे, जा.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही, डाव्या हाताची.
ठिकाण: गाळ्यावरची राहती खोली.
तारीख: वकीलसाहेबांच्या शिक्क्यातली.

आम्ही दोघे साक्षीदार, उपचार करणारे डॉक्टर आणि शेजारचे निवृत्त हेडमास्तर, लिहून देतो की वरील मजकूर यांनी आमच्या समक्ष सांगितला, वाचून घेतला व त्यावर सही केली. घर कन्येला जात असल्याने तिला पूर्ण वेळ बाहेरच्या खोलीत बसवले होते. शेवटचे कलम सांगताना यांनी 'जा' या शब्दावर बोट ठेवले व त्याच वेळी तोंडाने मोठ्याने 'ये' असे म्हटले. दार नुसते लोटलेले होते. कन्या आत आली.

सही: डॉक्टर
सही: हेडमास्तर