शेवटची गाठ टेबलावरच

सोमवार, ५ ऑक्टोबर

निघालं! सकाळी रेडिओवर सांगितलं — समुद्रात मोठं चक्रीवादळ तयार झालंय आणि तोंड आमच्याच किनाऱ्याकडे. दुकानाचं शटर पुरतं वर जायच्या आत समोर रांग! एरवी ताडपत्रीचं नाव काढलं की लोक भाव करून करून जीव नकोसा करतात. आज कुणी तोंडातून ब्र काढला नाही. उलट 'ताई, आमचं आधी' म्हणून लाडीगोडी.

अण्णा खुर्चीत बसून हुकूम सोडतायत. गुडघे गेले, जीभ शाबूत! मशीनच्या आवाजावरून म्हणे त्यांना टाका कळतो. 'लांब पडतोय गं!' — डोळे मिटूनच. बघावं तर टाका नीट. तरी मी 'हो अण्णा' म्हणते, तेवढाच त्यांचा दिवस चांगला जातो.

शेजारची पार्लरवाली मध्येच डोकावली. 'काय गं ही गावाची धावपळ! जावई यायचा असल्यासारखी!' झालं, वादळाचं बारसं उरकलं. दुपारपर्यंत सगळी गल्ली विचारत होती, जावईबापू कुठवर आले?

मंगळवार, ६ ऑक्टोबर

दादाचा फोन. 'अण्णांना न्यायला येतोय.' त्याचं गाव डोंगरापलीकडे, समुद्राचा वाराही पोचत नाही तिथे. म्हणणं बरोबर आहे. वादळ आलं तर आमची सगळी गल्ली टेकडीवरच्या शाळेत जाणार, आणि फरशीवर बसलेल्या अण्णांना उठवायला क्रेन लागेल.

पण दादा तेवढ्यावर थांबला नाही. 'आणि एकदा आले की राहू देत इथेच. पुरे झालं आता ते सुईदोऱ्याचं.' मागून वहिनी — 'खोली तयार आहे हं, पंखासुद्धा नवा लावलाय!' वहिनी मनाने चांगली आहे, हीच पंचाईत. वाईट असती तर कडाकडा भांडले असते.

इथे लिहून टाकते, कुठे बोलायचं नाही. मला अण्णा इथेच हवेत. समोर रिकामी खुर्ची ठेवून मला शिवता येणार नाही. पण राहू दिलं आणि छप्पर त्यांच्या अंगावर आलं तर?

अण्णांचं उत्तर तयार — 'मी कुठे जात नाही. वादळ वळणार.' अण्णांचा हवामानाचा अंदाज आजवर एकदाही खरा ठरलेला नाही. ते 'ऊन पडेल' म्हणाले की मी छत्री घेते.

बुधवार, ७ ऑक्टोबर

दिवसभर शिवलं. दोऱ्याला मेण चोळून चोळून बोटांना मेण, केसांत मेण, चहालासुद्धा मेणाची चव! जावईबापू अजून वाटेतच.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

खिडक्यांना फळ्या ठोकल्या. त्यातली एक माझ्या अंगठ्याला. पार्लरवाली तिचे सगळे आरसे घेऊन आली. 'तुझ्या टेबलाखाली ठेवते. जग बुडालं तरी ते टेबल हलायचं नाही.' खरंच आहे. शिसवी, जाडजूड, आजोबांच्या वेळचं. झाडताना मी त्याला वळसा घालून झाडते.

हॉटेलवाल्याने तमाशा केला. त्याच्या ताडपत्रीचा एकच कोपरा राहिला होता. 'द्या इकडे, गाठ मी घरी मारतो!' अण्णा खुर्चीतून ओरडले, 'गाठ टेबलावर!' आमच्या दुकानाची रीतच आहे ती. माप कुठेही घ्या, टाके कुठेही घाला, पण दोऱ्याची शेवटची गाठ ह्या टेबलावरच पडणार. का, ते अण्णांना माहीत नाही. आजोबांनाही नव्हतं म्हणे! हॉटेलवाला फणफणत थांबला, गाठ बघितली आणि जाताना गपचूप टेबलाला हात लावून गेला.

गिऱ्हाइकांचं सगळं उरकलं. उरली ती आमच्या छपराची ताडपत्री. तिचाही एक कोपरा बाकीच. सकाळी करू.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

दादा गाडी घेऊन दारात. अण्णा खुर्चीला चिकटलेले. दादाने समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी हात जोडले. ढिम्म! 'वळणार' हा एकच धोशा. बाहेर वारा सुटलेला, गल्ली सामान बांधून निघालेली.

मग मीच बोलले. 'अण्णा, तुम्ही इथे राहिलात तर मी शाळेत जाणार नाही. तुमच्या शेजारी बसून राहीन. मग काय व्हायचं ते दोघांचं होऊ दे.' त्यांनी माझ्या ठेचलेल्या अंगठ्याकडे बघितलं.

'ती ताडपत्री आण,' म्हणाले. 'तिकडे बसून कोपरा शिवीन.'

'अण्णा, आपल्या छपराचं काय?'

'छपराचं तू बघ. मी जायला हवंय ना?'

दादाने कपाळाला हात लावला. 'अहो, तिथे काय करायचीय ती?' 'तू गाडी चालव,' अण्णा म्हणाले. दिली. दादाच्या डिकीत मावेना, मागच्या सीटवर पाहुण्यासारखी बसवली. निघताना अण्णांनी मला काचेपाशी बोलावलं. अगदी हळू — 'कोपरा शिवीन. गाठ मारणार नाही. गाठ टेबलावर. म्हणजे मला परत यावंच लागेल. कळलं?'

दादाला काही ऐकू गेलं नाही. मी रस्त्यात उभी राहून वेड्यासारखी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी. इतका लबाड म्हातारा दुसरा नसेल!

आमच्या छपरावर जुने तुकडे जोडून बांधले. असू दे.

शनिवार, १० ऑक्टोबर

शाळेत. मोठी मोठी माणसं पहिलीच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलीत! पार्लरवालीने फळ्यासमोर खुर्ची टाकून केस कापायला सुरुवात केली. हॉटेलवाल्याच्या मिश्या अर्ध्या झाल्या आणि वारा असा काही गरजला की तिचा हात थांबला. उरलेल्या अर्ध्या तशाच!

मग रेडिओ — वळलं! वादळ वळलं! शाळेत टाळ्या, शिट्ट्या. मी तर बाकावर चढले. अण्णांचा अंदाज खरा! आयुष्यात पहिल्यांदा! आता वर्षभर ऐकावं लागणार.

सांगायला फोन काढला. तेवढ्यात रेडिओ पुढचं बोलला. वरच्या बाजूने किनारा ओलांडून, डोंगराला वळसा घालून, पलीकडच्या खोऱ्यात. दादाचं गाव खोऱ्यातच आहे.

फोन लागत नाही. मी पाठवलं त्यांना. ते नको म्हणत होते, मीच पाठवलं. पार्लरवाली शेजारी येऊन बसली आणि माझे केस विंचरत राहिली. तिने जावयाचं नाव काढलं नाही.

रविवार, ११ ऑक्टोबर

घरी आले. गल्ली जशीच्या तशी. छपराचा पत्रासुद्धा हललेला नाही, आरशांना ओरखडा नाही. दुकान उघडलं नाही. फोन लागत नाही. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली, मग पुन्हा सरळ केली.

सोमवार, १२ ऑक्टोबर

लागला! दादाचा आवाज बसलेला. सगळे सुखरूप. छप्पर गेलं, अर्ध्या गावाचं गेलं. आमची ताडपत्री भिंतींवर ताणून बांधलीय, सगळे तिच्याखाली. 'एका कोपऱ्यातून दोरा लोंबतोय गं, येता-जाता वहिनीच्या नाकाला लागतो. अण्णा कापूही देत नाहीत आणि गाठही मारत नाहीत.' मग अण्णांनीच फोन घेतला — 'गाठ टेबलावरच. तू टेबल घेऊन ये. मशीनही आण, इथे अख्खं गाव उघड्यावर आहे.' मागून दादा — 'ये गं लवकर.'

टेम्पो दारात उभा आहे. टेबल हललं! पार्लरवालीपासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळी गल्ली लागली. खुर्ची मात्र मी एकटीने चढवली.