टाकी काठोकाठ भरून ठेवण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा जुन्या मोटारसायकलींच्या सुट्या भागांचे दुकान, राहणार त्याच दुकानावरच्या दोन खोल्या, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास साक्षीदार डॉक्टरांना विचारावे. कोणी दडपण आणून हे लिहून घेतलेले नाही. उलट मुलाला कळले असते तर त्याने माझे पेनच लपवले असते.

कलम १. दोन्ही खोल्या मुलाला. एकुलता एक आहे, आणि मी कितीही संतापले तरी त्याला रस्त्यावर काढणार नाही. माळ्यावरचे सामान मात्र त्याने स्वतः उतरवावे, बायकोला शिडीवर चढवू नये.

कलम २. हवा भरायचा पायपंप धाकट्या दिरांना. तो कित्येक वर्षे त्यांच्याकडेच आहे, आणि विचारले की ‘उद्या आणतो’ म्हणतात. आता आणू नका, भावजी. सुटलात.

कलम ३. दुकान आतल्या मालासकट सुनेला. कारण पुढे येते आहे.

कलम ४. मोटारसायकल. ही आमच्या ह्यांनी लग्नाआधी घेतली. ते गेल्यावर मी चालवली, लोक बघत राहिले तरी चालवली. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळू लागले तेव्हा गिऱ्हाइकांच्या आधी मी हिचे पाइप आणि वॉशर बदलले, कारण जुने रबर त्यात फुगते, चिकट होते आणि गळू लागते. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर काय करायचे, हे मी काउंटरवर तोंड दुखेपर्यंत सांगत आले. टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. नाहीतर हे पेट्रोल हवेतले पाणी ओढून घेते, पाणी तळाशी बसते आणि पत्रा गंजतो. मग टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा राहतो.

पोटाच्या ऑपरेशनला गेले त्या सकाळी हे सगळे मी माझ्या हाताने केले. मुलाला म्हटले, “हिला हात लावू नकोस, एवढंच कर.” तर ह्या शहाण्याने नळी घालून अर्धे पेट्रोल आपल्या स्कूटरमध्ये घेतले. नुसतं पडून होतं, म्हणे! वर गाडी चालते का बघायला कॉक उघडला, किक मारली, आणि कॉक तसाच उघडा ठेवला. पुढे कित्येक महिने मी दवाखान्यात खाटेवर.

रोज विचारायचे, “गाडी कशी आहे रे?”

“एकदम छान आहे, आई. तू नको काळजी करूस.” माझ्या डोळ्यांत बघून सांगायचा.

घरी आल्यावर झाकण उघडले तर आत तांबडा गंज, तळाला पाणी, कार्ब्युरेटरमध्ये हिरवट चिकटा. सून म्हणाली, “आई, मी ह्यांना म्हटलं होतं, आईंना सांगून टाका.” मुलगा म्हणाला, “तुला त्रास नको म्हणून.” अरे, गंज मी जन्मभर घासला, त्याचा कसला त्रास? वेळेवर सांगितले असतेस तर सुनेकडून टाकी पुन्हा भरून घेतली असती, गाडी वाचली असती. पोटच्या पोराने मला वेड्यात काढले, ते मला अजून सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसले होते तेव्हा एकदम लक्षात आले. ऑपरेशन कसे झाले, असे विचारल्यावरही तो अगदी ह्याच शब्दांत बोलला होता. छान झालं, आई. तू नको काळजी करूस. मी सुनेला विचारले. ती खोटे बोलली नाही. नटबोल्ट निवडता निवडता रडू लागली. मग मी बस पकडून एकटीच डॉक्टरांकडे गेले. पोटातली गाठ सगळी काढता आलेली नाही, आणि मला आता फार दिवस नाहीत.

म्हणून दुकान सुनेला, आणि मोटारसायकलही तिलाच. टाकी घासून चालवावी की भंगारात द्यावी, हे तिने ठरवावे. मला विचारले तर चालवावी.

कलम ५. बँकेतले पैसे दोघांना निम्मे. माझ्यावर ह्यापुढे कोणतेही उपचार मला न विचारता करू नयेत.

कलम ६. हा कागद पाकिटात बंद करायचा नाही आणि माझ्यामागे उघडायचा नाही. आज दुकान बंद झाल्यावर मुलाने माझ्यासमोर बसून तो मोठ्याने वाचावा. वाचलास इथपर्यंत? आता खाली ठेव, आणि डॉक्टर तुला काय म्हणाले ते मला सांग. मला माहीत आहे, तरी सांग. तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मी जाणार नाही.

सही: तुझी आई

साक्षीदार:
१. डॉक्टर, ज्यांनी विचारल्यावर खरे सांगितले (सही)
२. शेजारचे शिंपी, ज्यांनी मजकूर वाचलेला नाही, मला सही करताना पाहिले (सही)

ठिकाण: दुकानाचे काउंटर
दिनांक: डॉक्टरांनी शिक्क्याखाली घातला आहे तो