ताईची पिशवी आणि चार किलो बर्फ

शनिवार पेठ, पुणे
शुक्रवार, १३ मे २०१६

तीर्थरूप श्यामलाताईस,

धाकट्या यज्ञेश्वरचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि सांगलीचा उकाडा, दोन्ही सोसवण्याइतपत असावेत. इकडे सर्व ठीक. (हे वाक्य हाताच्या सवयीने लिहिले गेले.)

तीन वर्षांपूर्वी तुझ्या रक्तातल्या मूळपेशी माझ्या अंगात सोडल्या आणि उरलेली एक पिशवी इस्पितळाने गोठवून ठेवली, हे तुला आठवत असेलच. (तेव्हापासून माझा रक्तगटही तुझाच झाला. तुझी भावजय उल्का म्हणते, नणंद आता बारा महिने मुक्कामाला.) काल गुरुवार, म्हणजे पेठेत दुरुस्तीसाठी वीज बंद. दुपारपर्यंत फ्रिजमधला आमरस आंबला आणि मनात आले, इस्पितळातही वीज गेली असली तर पिशवीचे काय? मंडईपाशी चार किलो बर्फ घेतला, दिवाळीच्या चिवड्याच्या डब्यात भरला आणि बसने कर्वेनगरापलीकडे इस्पितळ गाठले. वाटेत डबा मांडीवर गळत होता. शेजारच्या गृहस्थांनी माझ्या विजारीकडे पाहिले, वयाकडे पाहिले आणि दाराजवळची जागा दिली.

पिशव्या सांभाळणारी मैना नावाची मुलगी आहे. तिने डबा उघडून पाहिला. म्हणाली, "आजोबा, पिशवी द्रव नायट्रोजनच्या टाकीत आहे, उणे एकशे शहाण्णव अंशांत. वीज गेली तरी तिला काही होत नाही. तुमचा बर्फ तिला कढत लागेल." मग काचेतून टाकी दाखवली. आत साडेतीनशे जणांच्या पिशव्या आहेत म्हणे. काहींची माणसे आता नाहीत, असेही ती बोलून गेली. उरलेल्या बर्फाचे त्यांनी लिंबाचे सरबत केले, मलाही पेलाभर दिले. साखर कमी होती.

तुझा,
यज्ञेश्वर

ता. क. : पापड पोचले. मीठ जास्त झाले आहे. संपले.

आणखी ता. क. : वरचे 'सर्व ठीक' खोडायचे राहिले. माझे रक्ताचे दुखणे उलटले आहे. येत्या गुरुवारी ती पिशवी वितळवून मला देणार. दुसरी नाही, आणि तुझ्या वयाच्या माणसाकडून आता नव्याने घेत नाहीत. ताई, मला फार भीती वाटते. (उल्कासमोर हे बोलता येत नाही. ती आधीच रडून बसते.) तू ये. काही करायचे नाही, नुसती खोलीबाहेर बस. बर्फ आणू नकोस.